थंडीत परसातल्या कोंबड्या

(आमच्या महिला बचत गटाने रेडिओवर केलेलं भाषण)

आम्ही गोदाकाठच्या बायका बोलतोय, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडकडच्या. थंडी पडली की आमच्या तालुक्याचं नाव पेपरात येतं. काही हिवाळ्यांत इथला पारा पाच अंशांच्याही खाली उतरला आहे. अशा वेळी द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडतात. मणी तडकू नये म्हणून घरातली सगळी माणसं जागी असतात. बागेची काळजी साऱ्यांनाच असते. पण मागच्या दारी, खुराड्यात बसलेल्या आठ-दहा कोंबड्यांची काळजी कोण करतं? ती आपणच करतो. म्हणून आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

कुणी म्हणेल, दहा कोंबड्यांचं काय एवढं? तर हिशेब करून बघा. सातबारा बहुतेक घरांत नवऱ्याच्या नावावर असतो. दुधाचा पैसा डेअरीच्या खात्यात जातो. पण कोंबडी आपली. अंड्याचे दहा-बारा रुपये थेट आपल्या हातात पडतात. त्यातून पोरीची वही येते, सासूबाईंची गोळी येते, गटाचा हप्ता भरायला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. आणि नेमकी डिसेंबर-जानेवारीत अंडी कमी होतात, एखादी कोंबडी मान टाकते, मग घरात कुणीतरी म्हणतं, ‘खाऊन टाका, नाहीतर विकून टाका.’ एकदा का खुराडं रिकामं झालं की पुन्हा भरायला सहा-आठ महिने जातात. हे होऊ द्यायचं नसेल तर थंडीचे दोन-अडीच महिने नीट काढायला हवेत.

पहिली गोष्ट समजून घेऊ. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण ४१ अंश. तिच्या पिसांच्या थरात हवा अडकून राहते, तीच तिची गोधडी. म्हणून मोठी, धट्टीकट्टी कोंबडी आपल्याकडची थंडी सोसते. तिला मारतात त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, अंगावर येणारा वारा. वाऱ्याने पिसं विस्कटतात आणि आतली ऊब निघून जाते. दुसरी, ओल. ओली गोधडी पांघरून कुणाला ऊब येईल? तेव्हा आपलं काम खुराडं तापवायचं नाही. वारा अडवायचा आणि ओल काढायची, एवढं केलं की बाकीचं कोंबडी स्वतः करते.

आता वारा कसा अडवायचा ते सांगतो. थंडीत आपल्याकडे वारा बहुधा उत्तरेकडून, पूर्वेकडून येतो. त्या बाजूला गोणपाट शिवून पडदा करा. दोन रिकामी पोती उसवली तरी एका बाजूचं काम होतं. कुडाची भिंत असेल तर ती शेणामातीने लिंपून घ्या. पडदा खालून वरपर्यंत लावा, पण अगदी वर, छपराखाली, एक वीतभर जागा मोकळी ठेवा. ही वीतभर जागा विसरायची नाही. दहा कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात, विष्ठा टाकतात. सगळं बंद केलं तर त्या वाफेने आतून पत्रा घामेजतो, पाणी टपकतं, खालचा भुसा ओला होतो. मग उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात. तो वास अमोनियाचा. त्याने कोंबड्यांच्या छातीत घरघर सुरू होते. आपण समजतो थंडी बाधली, पण बाधलेली असते ती कोंडलेली हवा.

ओळखायची सोपी रीत आहे. सकाळी दार उघडलं की आधी खुराड्यात नाक घाला. डोळ्यांना झोंबलं तर हवा कमी पडतेय. पत्र्याला आतून हात लावा. ओला लागला तरी तेच. मग वरची फट वाढवा. खालून येणारा झोत मात्र नको. ऊन वर आलं की दक्षिणेकडचा पडदा गुंडाळून ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, त्यामुळे ते तिरपं ऊन खुराड्यात आतपर्यंत पोचतं आणि फुकटात सगळं कोरडं करतं.

खाली अंथरायला जे मिळेल ते घ्या. भाताचं तूस, लाकडाचा भुसा, गव्हाची बारीक काड, भुईमुगाची टरफलं. उन्हाळ्यात दोन बोटं थर पुरतो, हिवाळ्यात चार ते सहा बोटं करा. दर दोन-तीन दिवसांनी काठीने खालीवर करा. पाण्याच्या भांड्याजवळचा ओला भाग काढून टाका आणि तिथं कोरडं घाला. ओल फारच धरली तर थोडा विरलेला चुना मिसळा. हे अंथरूण उन्हाळ्याच्या तोंडी काढलं की परसबागेला आणि वाफ्याला उत्तम खत होतं. अंगणात एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा. कोंबड्या तिच्यात लोळतात, त्याने अंगावरच्या उवा कमी होतात.

बसायला दांडी हवीच. जमिनीवर बसलेली कोंबडी खालून गारठते. दांडी फार बारीक नको. दोन बोटं रुंद, वरून चपटी फळी बरी. तिच्यावर बसली की कोंबडीचे पंजे तिच्या पोटाच्या पिसांत झाकले जातात. जागा मोजकी असावी. दर कोंबडीला दीड-दोन चौरस फूट धरा, म्हणजे दहा कोंबड्यांना चार बाय पाच फुटांचं खुराडं झालं. एकमेकींना चिकटून बसल्या की त्या एकमेकींना ऊब देतात. पण त्या हिशेबाने चार बाय पाचमध्ये तीस कोंबड्या कोंबायच्या नाहीत.

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगतो. बंद खुराड्यात निखाऱ्यांची शेगडी रात्रभर ठेवायची नाही. कोळशाच्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. सकाळी कोंबड्या दांडीखाली पडलेल्या सापडतात. शिवाय भुसा पेटला तर खुराड्यासकट शेजारचा गोठाही जातो. मोठ्या कोंबड्यांना शेकोटीची गरज नाही.

आता वेळेचं. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मुंगूस आणि रानमांजर तर सगळीकडेच. हिवाळ्यात सहा वाजताच अंधार पडतो. तेव्हा कोंबड्या दिवस मावळायच्या आत आत घ्या, मोजा, कडी लावा. अंधार पडल्यावर ‘एक राहिली’ म्हणून बॅटरी घेऊन उसाच्या कडेला एकटीने जायचं नाही. कोंबडी दोनशे-चारशे रुपयांची, आपल्या जिवाचं मोल नाही. जाळी बारीक हवी, दोन बोटांतून आत जाणार नाही अशी, आणि जमिनीत वीतभर गाडलेली.

आता खाण्याकडे येऊ. थंडीत कोंबडीला ऊब टिकवायला जास्त खावं लागतं. दिवसभर ती उकिरड्यावर, शेतात वेचते, पण दिवस लहान, किडेही कमी. म्हणून संध्याकाळी, आत जायच्या अर्ध्या तास आधी, मूठभर दाणा टाका. मक्याचा भरडा, बाजरी, गव्हाची कणी, काहीही. दाणा पोटोळीत भरून राहतो आणि रात्रभर हळूहळू जिरतो. जिरताना अंगात ऊब होते. आपण झोपायच्या आधी चुलीत लाकूड सारून ठेवतो ना, तसंच हे. पण नुसत्या दाण्याने अंडं होत नाही. अंड्याला प्रथिनं लागतात. शेंगदाण्याची पेंड, सोयाबीनची पेंड थोडी मिसळा. सोयाबीन कच्चं घालू नका, ते पचत नाही. पेंड घ्या किंवा भाजून भरडा. पाल्याला मेथी, कोबीची पानं, लसूणघास. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा द्या. किंवा घरातली अंड्याची टरफलं भाजून, बारीक कुटून घाला. तशीच मोठी टरफलं टाकली तर कोंबडीला अंडी फोडून खायची सवय लागते. एक काळजी घ्या. बुरशी आलेला मका थंडी-पावसात ओलावलेल्या पोत्यात असतो. तो कोंबड्यांना घालू नका. बुरशीचं विष यकृतावर जातं.

पाण्याचं फार जणी विसरतात. रात्रभर बाहेर ठेवलेलं पाणी बर्फासारखं गार होतं आणि कोंबडी त्याला चोच लावत नाही. पाणी कमी प्यायली की खाणं कमी होतं आणि अंडंही कमी होतं. रात्री भांडं रिकामं करून पालथं घाला. सकाळी चुलीवर आंघोळीचं पाणी तापतंच, त्यातलं तांब्याभर मिसळून कोमट पाणी द्या. गरम नको, हाताला सोसवेल असं. दुपारी एकदा बदला. एवढ्याने फरक दिसतो.

आता अंडी का कमी होतात ते बघू. कोंबडीचं अंडं दिवसाच्या उजेडावर चालतं. चांगलं अंडं द्यायला तिला १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे दिवस असतो जेमतेम ११ तासांचा. म्हणजे अंडी कमी होणं हा काही आजार नाही, कुणाची नजर लागलेली नाही आणि कोंबडी म्हातारी झाली असंही नाही. शिवाय या सुमाराला काही कोंबड्या जुनी पिसं गाळतात आणि नवी आणतात. अंगावर टक्कल दिसतं, तुरा फिका पडतो. नवी पिसंही प्रथिनांचीच बनतात, म्हणून ती त्या काळात अंडं थांबवते. अशा कोंबडीला ‘निकामी झाली’ म्हणून बाजार दाखवू नका. तिला पेंड थोडी वाढवून द्या. दिवस तिळातिळाने मोठा होऊ लागतो तशी संक्रांतीनंतर ती पुन्हा अंड्याला येते.

ज्यांच्याकडे गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी अशा सुधारित जाती आहेत, त्यांना बल्ब लावून उजेड वाढवता येतो. एक साधा बल्ब पहाटे तीनच्या सुमाराला लागेल असं करा. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर कोंबड्या अंधारात दांडी शोधत धडपडतात, म्हणून पहाटेचं बरं. आज लावला, उद्या विसरला असं चालत नाही. रोजची एकच वेळ पाळा. आणि लाईटचं भारनियमन असेल तर या भानगडीत पडूच नका. गावठी कोंबडीला याचा फारसा उपयोग होत नाही, ती आपल्या चालीनेच चालते.

आता पिल्लांचं. मोठी कोंबडी थंडी सोसते, पिल्लू सोसत नाही. त्याला पिसंच नसतात, नुसती लव असते. पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवती ३५ अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी केले तरी चालतं. खुडूक कोंबडी ही ऊब आपल्या पंखांखाली देते, तिच्यासारखं दुसरं यंत्र नाही. पण हिवाळ्यात तिच्याखाली बारा-पंधरा अंडी ठेवू नका. कडेची अंडी गारठतात. आठ-नऊ ठेवा, तिच्या अंगाखाली पूर्ण झाकतील एवढीच. डालग्यात खाली काड, त्यावर राख, त्यावर मऊ पाचट असं करा. अंडी आठवडाभरातली ताजी निवडा. २१ दिवस ती बसणार, तर रोज एकदा उठवून दाणापाणी करा, पण दुपारच्या उन्हात. गार पहाटे तिला उठवू नका.

गटामार्फत एका दिवसाची पिल्लं आणणार असाल तर आमचं ऐकाल, ऐन थंडीत आणू नका. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबा. आणलीच असतील तर पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं गोल कडं करा, म्हणजे कोपऱ्यात गर्दी होऊन चिरडणार नाहीत. दर पिल्लामागे दोन वॅट धरून बल्ब टांगा. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली ढीग करून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय, वर घ्या. सगळीकडे पसरून शांत चरत असतील तर बरोबर आहे. रात्री लाईट गेली तर काय, याची तयारी संध्याकाळीच करा. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवता येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पडदा लावला, दाणा टाकला, तरी एका रात्रीत खुराडं रिकामं करणारा आजार आहे तो मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिरवी पातळ हगवण, चोच उघडून श्वास, पंख लुळे, मान वाकडी. एकदा झाला की औषध नाही. लसूण, हळद, कांद्याचा रस यांनी तो बरा होत नाही. उपाय एकच, आधी लस. पिल्लू सात दिवसांचं असताना लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात, चार आठवड्यांनी पुन्हा. मग आठ आठवड्यांनंतर मोठ्यांची लस, तिला आर टू बी म्हणतात, ती पंखाखाली टोचतात. ही मोठ्यांची लस लहान पिल्लांना देऊ नका. अंड्यावरच्या कोंबड्यांना पुन्हा कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारा. लस फक्त तब्येतीने ठणठणीत असलेल्या कोंबडीला द्यायची.

मग अडतं कुठे? लशीची कुपी असते शंभर मात्रांची. माझ्या घरी आठ कोंबड्या, तुझ्या घरी सहा. एकटीने शंभराची कुपी कशाला आणायची, म्हणून कुणीच आणत नाही. कुपी फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते, आणि दवाखान्यापासून घरापर्यंत बर्फातच यावी लागते. ती खिशात टाकून आणली तर तिच्यात काही उरत नाही. म्हणून हे काम गटाचं आहे. बारा घरं, घरटी आठ कोंबड्या, म्हणजे ९६. एका कुपीत काम भागतं. खर्च वाटून घेतला तर कोंबडीमागे काही रुपयेही येत नाहीत. एकीने थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणायची, पशुसखीला किंवा डॉक्टरांना बोलवायचं, आणि पहाटे कोंबड्या सोडायच्या आत घरोघर फिरून टोचून घ्यायच्या. उजाडल्यावर कोंबड्या धरणं म्हणजे गावभर पळापळ.

आणि मैत्रिणींनो, यात एक अवघड गोष्ट आहे, ती बोलायलाच हवी. गटात नसलेली घरं. वस्तीच्या टोकाला राहणारी, ऊसतोडीला आलेली, ज्यांच्याशी आपलं जाणं-येणं नाही अशी. त्यांच्या कोंबड्यांना लस नसेल तर आजार तिथून शिरतो. कोंबड्यांना जात कळत नाही, बांध कळत नाही, भांडण कळत नाही. त्या सगळ्यांच्या उकिरड्यावर जातात. म्हणून त्या घरी आपणच जायचं. पैसे नसतील तर ते गटाने सोसायचे. एका घराच्या चार मात्रा आपल्या शंभरातून निघतात. असं केलं तरच लस खऱ्या अर्थाने लागू पडते.

आमच्या भागात आणखी एक सावधगिरी लागते. नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात दूरदेशीचे पाहुणे पक्षी येतात. त्या जागेला रामसर दर्जा मिळाला आहे, महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर ठिकाण. आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण रानटी पाणपक्ष्यांकडून बर्ड फ्लू येऊ शकतो आणि तो बहुधा थंडीतच येतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला तो देशात पहिल्यांदा सापडला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला पुन्हा तेच झालं. म्हणून पाणथळ जागेच्या कडेला कोंबड्या चरायला सोडू नका. तिथलं पाणी आणून पाजू नका. कोंबड्या आणि बदकं एकत्र ठेवू नका. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवा. एकदम चार-पाच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर लपवू नका. मेलेली कोंबडी नदीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, विकू नका, सोलू नका. खोल खड्डा करून चुना टाकून पुरा. पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा, किंवा १९६२ वर फोन करा. सरकारने मारायला लावलेल्या कोंबड्यांची भरपाई मिळते, आपोआप मेलेल्यांची मिळत नाही. लवकर कळवण्यात आपलाच फायदा आहे.

शेवटी दोन गोष्टी. एक वही ठेवा. रोज किती अंडी, किती विकली, दाण्याला किती गेले. लिहिता येत नसेल तर पोरीला सांगा, रेघा ओढा. वही असली की ‘या कोंबड्या फुकट खातात’ असं कुणी म्हणालं तर तोंडाने भांडावं लागत नाही, वही पुढे करायची. आणि दुसरी, सगळी अंडी विकू नका. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. घरात गरोदर सून असेल, वाढती मुलगी असेल, तिच्या ताटात पहिलं अंडं जाऊ द्या. मुलाला आणि पाहुण्याला आपण न सांगता वाढतो. मुलीला मात्र आठवणीने वाढावं लागतं.

तर या आठवड्यात एवढं करा. पोती उसवून पडदा शिवा. अंथरुणाचा थर वाढवा. पाण्याचं भांडं रात्री पालथं घाला. आणि गटाच्या येत्या बैठकीत हप्ता गोळा करायच्या आधी एकच प्रश्न विचारा, आपल्या वस्तीत मिळून किती कोंबड्या आहेत? आकडा कळला की कुपी किती लागतील तेही कळेल. दवाखान्यात कोण जाईल ते तिथंच ठरवा, वार ठरवा, आणि टोकाच्या घरी निरोप कोण देईल तेही ठरवा.

तुमच्या कोंबड्या सुखात राहोत आणि तुमच्या हाती चार पैसे येवोत.